साळूचं झिजलेलं पोट

मी चित्रांचं पुस्तक बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. कुणी उघडल्याशिवाय मला तोंडच नाही. आणि उघडणारा माणूस घाईत असला, तर तोंड असून उपयोग नाही.

माझ्यात साळू नावाच्या साळिंदराच्या पिल्लाची गोष्ट आहे. काटे टोचतात म्हणून त्याला कुणी खेळायला घेत नाही. तो चिडून घरी येतो आणि टेबलाखाली जाऊन बसतो. मग एक पान असं आहे, की त्यावर फक्त साळू. काटे उभे, पोट उघडं, मऊ, तांबूस. शब्द एकही नाही. त्याच्या पुढच्या पानावर त्याची आई टेबलाखाली वाकून बघते आणि गोष्ट संपते.

छापखान्यातल्या मशीनवाल्याने ते पान पाहिलं आणि मला काढणाऱ्या चित्रकार बाईंना हाक मारली. "बाई, इथला मजकूर राहिलाय."

"राहिला नाही. तिथे वाचणाऱ्याने थांबायचं."

"थांबायचं? लोक लाल सिग्नलला थांबत नाहीत, बाई."

तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता. पुढे त्याचं म्हणणं इतकं खरं होईल असं वाटलं नव्हतं.

पहिली काही वर्षं मात्र माझं नशीब चांगलं होतं. मला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने, आपल्या मुलीसाठी. मुलगी अंगाचं मुटकुळं करून झोपायची, शर्टाच्या गुंडीएवढी. म्हणून तिचं नावच गुंडी पडलं.

दिवसभर या बाईचं काम म्हणजे माणसाला खुर्चीवर बसवायचं, डोळ्यांपुढे एक भिंग धरायचं आणि विचारायचं, "आता कसं दिसतंय?" भिंग बदलायचं. "आणि आता?" मग गप्प राहायचं. दिसतं कसं, हे खुर्चीत बसलेल्यालाच ठाऊक. घाई करून चालत नाही.

मलाही ती तशीच वाचायची. साळूच्या त्या पानावर आली की गुंडीचं बोट धरून त्याच्या पोटावर ठेवायची. "आता कसं वाटतंय याला?"

"राग आलाय."

"आणि आता?"

गुंडी बोट थोडं सरकवायची, विचार करायची. "आता रडू येतंय. पण राग वर आहे. रडू खाली आहे."

मग साळूचं निमित्त सुटायचं आणि खरं काय ते बाहेर यायचं. बालवाडीत कुणी ढकललं, बाईंनी कुणाचं चित्र भिंतीवर लावलं आणि हिचं नाही. आई ऐकून घ्यायची. "असं वाटायला नको" असं ती कधी म्हणाली नाही. रोज दोन बोटं फिरून फिरून साळूच्या पोटाचा रंग झिजला, तिथे एक फिकट ठिपका पडला. माझ्या जातीतलं कुणी झिजलं तर लोक हळहळतात. मला त्या ठिपक्याचा भारी तोरा होता.

मग एके दिवशी आई दवाखान्यात गेली. "लवकर येते गं," असं दारातून म्हणाली. काही दिवसांनी घरात पुष्कळ माणसं आली. ती आली नाही.

आता मला वाचायचं काम बाबांकडे आलं. बाबा रेडिओवर निवेदक. आवाज असा, की शेजारचे लोक जिन्यात थांबून ऐकत. मुलीजवळ संध्याकाळी कुणीतरी हवं म्हणून त्यांनी सकाळची पाळी मागून घेतली. मनाने भला माणूस. पण त्यांच्या धंद्यात शांतता म्हणजे गुन्हा. दोन वाक्यांत जरा फट पडली, की वरिष्ठ धावत येतात: यंत्र बंद पडलं का?

तर बाबा मला हातात घ्यायचे आणि खडखडीत वाचायचे. एक शब्द चुकत नसे. बिनशब्दांचं पान आलं, की त्यांचा अंगठा ते असं उलटायचा, जणू दोन पानं चिकटली होती. वाचायलाच काही नाही, तर थांबायचं कशाला?

अहो, थांबा! मी रोज ओरडायचो. कागदाने ओरडावं तसं, म्हणजे कुणालाही ऐकू न जाता. मी मुद्दाम त्या पानावर ताठ व्हायचो, शिवण आवळून धरायचो. बाबा बोटाला थुंकी लावायचे आणि पुढे जायचे.

गुंडीने आधी नुसतं "मागे," म्हणून पाहिलं.

"मागचं झालं ना वाचून, राजा? आता पुढे काय होतं बघू."

पुढे काय होतं हे तिला पाठ होतं. पुढे आई येते.

एकदा गुंडीची मावशी आली होती. दाराशी उभी राहून तिने सगळं ऐकलं. "भावोजी, गोष्ट सांगताय की बातम्या देताय? आता हवामान सांगा आणि संपवा."

"अगं, तिला आवडतं तसं. एका जागी शांत बसते बघ."

"शांत बसलीये की गप्प बसलीये?"

बाबा हसले आणि चहा टाकायला उठले. याच माणसाला रेडिओवर लोकांच्या आवाजावरून त्यांचा मूड ओळखता यायचा. स्वतःच्या मुलीचा आवाज कमी होत चालला होता, तो मात्र कानावर येईना.

गुंडी बालवाडीत एकाला चावली. जेवणाचं ताट ढकलून दिलं. "मला काही वाटत नाही," हे नवीन वाक्य शिकली. आणि एका दुपारी तिने मला काढलं, ते पान उघडलं, काळा खडू घेतला आणि साळूला काटे काढायला लागली. लांब, जाड. पानाच्या कडेपर्यंत, कड ओलांडून जमिनीवर. खडू इतका दाबला, की मी टर्रकन फाटलो. मला काडीचंही दुखलं नाही. किती दिवसांनी त्या पानाशी कुणी बोलत होतं!

बाबा आले. "अगं, पुस्तकावर रेघोट्या? आईने किती हौसेने आणलं होतं. तिला आवडलं असतं का हे?"

आवडलं असतं! डोक्यावर घेऊन नाचली असती! पण मला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवलं, वर्तमानपत्रांच्या मधोमध, आणि दुकानातून माझी नवी प्रत आणली. हे त्यांनी प्रेमाने केलं, हेच तर जास्त चीड आणणारं होतं.

"बघ, तेच पुस्तक. तंतोतंत."

गुंडीने नवं पुस्तक मांडीवर घेतलं. साळूच्या पानाशी आली. पोटावर बोट ठेवलं. पोट गुळगुळीत, रंग शाबूत.

"हा तो नाही."

"तोच आहे गं."

"याच्या पोटाला कुणी विचारलेलंच नाही."

गुंडी उठली, रद्दीपाशी गेली आणि गठ्ठा उपसायला लागली. वर्तमानपत्रं घरभर झाली. शेवटी तिने मला ओढून काढलं, बाबांच्या पुढ्यात फाटकं पान उघडलं आणि त्यांचं बोट धरून त्या फिकट ठिपक्यावर टेकवलं.

"हे कसं झिजलं?" बाबांनी विचारलं.

"आई आणि मी. इथे वाचायचं नसतं. इथे गप्प बसायचं असतं."

"बरं. तर मग आपण..."

गुंडीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प!"

रेडिओवरचा माणूस गप्प बसला. किती अवघड जात होतं त्यांना! बोट मात्र माझ्यावरच होतं.

"साळू रागावलाय," गुंडी म्हणाली. "त्याच्या आईवर. ती येते म्हणाली आणि आली नाही. खोटं बोलली."

आईवर असं रागवू नये, हे बाबांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. नका, नका, मी कागद एक करून विनवलं. ते त्यांना ऐकू गेलं असेल असं मी म्हणत नाही. तोंडावर अजून तो चिमुकला हात होता, एवढं खरं. वाक्य गिळलं गेलं.

गुंडीने हात काढला आणि अगदी आईच्या सुरात विचारलं, "आता तू सांग. कसं वाटतंय?"

"ठीक आहे, बाळा."

ती थांबली. मग म्हणाली, "आणि आता?"

बाबांनी फाटक्या पानाच्या कडा बोटाने जुळवून पाहिल्या. आवाज आला तेव्हा तो रेडिओवरचा नव्हता. "मलाही राग आलाय. तिच्यावरच."

"आणि रडू?"

"खाली आहे."

"माझंपण खालीच आहे," गुंडी म्हणाली आणि त्यांच्या मांडीवर चढली. थोड्या वेळाने खालचं वर आलं, दोघांचंही. मी मध्ये चेपला गेलो, भिजलो.

आता माझी अवस्था सांगायची, तर पाठ निसटली आहे, फाटकं पान मावशीने चिकटपट्टीने जोडलं आहे. नवी प्रत फळीवर ऐटीत उभी आहे. तिला कुणी हात लावत नाही. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. बाकीची पानं बाबा अजूनही बातम्यांसारखी रेटतात. मधे काही दिवस तर त्यांनी त्या पानावर प्रश्नांची सरबत्ती लावली होती, "आज दिवसभरात कुठल्या क्षणी वाईट वाटलं?" वगैरे. गुंडी म्हणाली, "बाबा, मुलाखत नको." तेव्हापासून नुसतं बोट ठेवतात.

तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी असेल. मुलांना मांडीवर घेऊन ते उघडाल, तेव्हा एवढं करा, जिथे वाचायला काही नाही तिथलं पान पटकन उलटू नका. मला जपूही नका. साळूच्या पोटावर आता रंग जवळजवळ उरलेला नाही, खालचा पांढरा कागद दिसतो. काल गुंडीने त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ काही बोलली नाही, आणि बाबांनीही पान उलटलं नाही.