मला कल्पना होती

"सही करतो, पण आधी वाचून दाखवा," बॉयलरवाले मामा म्हणाले. बॉयलर फुटला त्या दिवसापासून डोळ्यांवर पट्टी होती. बायकोने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं होतं.

चौकशी अधिकाऱ्याने टायपिस्टबाईंकडे कागद सरकवला. "वाचा. पटापट."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बाई; समोर आलेला मजकूर डोक्यात न घेता बोटांतून उतरवायची त्यांना सवय होती. हा कागदही सकाळी तसाच उतरला होता. आता स्वतःच्या तोंडून तो ऐकताना त्यांची जीभ अडखळली.

"व्हॉल्व्ह अडकत असल्याची मला पूर्ण कल्पना होती. तरीही मी बॉयलर चालू ठेवला."

 मामा हळूच म्हणाले, "हे कोण बोललं?"

"तुम्हीच," अधिकारी म्हणाला. "व्हॉल्व्ह अडकतो हे माहीत होतं, असं तुम्ही सांगितलंत की नाही? बॉयलर चालू होता की नाही?"

"अहो, पण फिटर गेला त्यात! वीस वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. त्याच्या पोरी हे वाचतील. मी जाणूनबुजून मारला म्हणतील त्याला!" मामांचा आवाज चिरकला. बायकोने पदर तोंडाला लावला.

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी लघुलेखनाची वही काढली आणि परवाचं पान उघडलं. जबाब त्यांनीच उतरवून घेतला होता. रेघारेघांतून मामांचे शब्द जसेच्या तसे वर आले. "व्हॉल्व्ह अडकतोय हे मी साहेबांना तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, माल निघेपर्यंत चालव. नाही चालवलास तर उद्या येऊ नकोस."

"बाई, वही ठेवा," अधिकारी म्हणाला. "अंतिम मसुदा मी केलाय. तुम्ही अधिकृत रेकॉर्ड डिस्टॉर्ट करताय."

त्या शब्दाने बाईंचं डोकंच सणकलं.

"मी करतेय?" त्या म्हणाल्या. "तापून प्लेट वाकडी झाली की आपण अहवालात लिहितो, डिस्टॉर्ट झाली. कर्ण्यातून आवाज फाटून आला तरी तेच लिहितो. सव्वीस वर्षं टाइप करतेय मी हा शब्द. आणि माणसाचं बोलणं पिळून त्याच्याच गळ्याला बांधलं, तर त्याला मसुदा म्हणायचं होय?"

"आवाज खाली."

"नाही होत खाली! ह्यांना दिसत नाही म्हणून अंगठा घेऊन मोकळं व्हायचं होतं तुम्हाला. आणि मी! मीही मुकाट टाइप केलं!"

 बाईंनी मशीनमध्ये कोरा कागद चढवला. वहीतल्या शब्दांपलीकडे एक अक्षरही त्यांनी घातलं नाही. 'माल निघेपर्यंत चालव' हे तर इतक्या जोरात बडवलं की पुढचा पूर्णविराम कागदातून आरपार गेला. खाली त्यांनी स्वतःची सही केली: 'जबाब मी प्रत्यक्ष ऐकला.'

"हे तुम्हाला महागात पडेल," अधिकारी म्हणाला.

पडलंच. पुढच्या आठवड्यात त्यांचं टेबल गोदामात गेलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्या खिळ्यांची खोकी मोजत राहिल्या. मामांना वैद्यकीय कारण दाखवून घरी बसवलं. चौकशी मात्र मामांच्या माथ्यावर खापर फोडून संपवता आली नाही. तो कागद फाइलमध्ये होता, आणि फिटरच्या थोरल्या मुलीने त्याची नक्कल मागून नेली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाईंनी नवा कागद दोनदा वाचून दाखवला. मामा मान हलवत ऐकत होते. अधिकाऱ्याने शाईचा पॅड पुढे ढकलला. "लावा अंगठा."

"अंगठा नाही," मामा म्हणाले. "पेन द्या. मी शिकलेला माणूस आहे."

बाईंनी त्यांच्या बोटांत पेन दिलं आणि हात कागदावर नेऊन ठेवला. मामांनी पहिलं अक्षर रेघेवर काढलं. पुढची वर चढत गेली, मजकुरावरून गेली. शेवटचं अक्षर कागद संपून टेबलाच्या लाकडावर उमटलं. तरी वरची रेघ द्यायला ते विसरले नाहीत.

"झाली का नीट?" त्यांनी विचारलं.

"झाली," बाई म्हणाल्या, आणि शाई वाळेपर्यंत कागद तसाच दाबून धरला.