मनगटावरची टिचकी

क्विल्टी गाव मागे पडल्यावर पहिल्याच वळणाला माझी तान्ही सोरखा झोपली, म्हणून पेगच्या दारात गाडी उभी केली तरी मी इंजिन बंद केलं नाही. घरघर थांबली की तिला झोपेतसुद्धा कळतं. आदल्या रात्रीपासून दात येताना तिच्या हिरड्या शिवशिवत होत्या, त्यामुळे तिने डोळा मिटला नव्हता, आणि तिने मिटला नव्हता म्हणजे मीही नाही.

पलीकडच्या सीटच्या पायाशी पेगचा केकचा डबा होता. माझ्या फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, पेटी मागे, सोरखाच्या शेजारी. पेगकडे मी ते शिकायचे, आणि तिला काय सांगायचं ते मी येताना घोकत आले होते. आता येणं जमणार नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. एवढंच. मग डबा द्यायचा, चहा नको म्हणायचं आणि पोरगी उठायच्या आत घर गाठायचं.

माझा नवरा फिन्टन म्हणाला होता की फिडल काय पळून जाणार आहे का, सोरखा चालायला लागू दे, मग बघ. तो दुधाची लॉरी चालवतो, अंधार असतानाच घरातून निघतो. हे बोलताना तो माझ्या पावाला लोणी लावत होता. माझा हात दुखतो म्हणून लावत होता, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना. पण 'मग बघ' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझी आई भात्याचं मेलोडियन वाजवायची, ते माझ्या जन्मानंतर कपाटावर चढलं. पुढे कधीतरी काढू, असं ती म्हणायची. ती गेल्यावर आम्हीच ते खाली काढलं, तेव्हा त्याचा भाता फाटला होता.

पेग टालटीच्या स्वयंपाकघरात मी शाळेत असल्यापासून जात आले. तिने मला नाचाच्या चालींतले पंचवीसएक रील आणि जिग शिकवले, सगळे उघडेबोडके. नटवायचं नाही. पोरंटोरं एनिसहून नाना करामती शिकून यायची आणि मी मात्र सरळ सूर ओढत बसायचे. विचारलं तर पेग म्हणायची, आधी घर उभं राहू दे, पडदे मग लावू. मग मी नर्सिंगला लिमरिकला गेले, परत आले, लग्न झालं, सोरखा झाली. ती तीन महिन्यांची असताना एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, मी उठून पेगकडे गेले आणि म्हटलं, आता पडदे.

सगळ्या नटवण्याचा राजा म्हणजे रोल. तो मुरकीच्याच जातीचा, पण मुरकी ऐकू येते आणि रोल ऐकू येता कामा नये. एकच सूर धरायचा. वरच्या बोटाने त्याला एक टिचकी, पुन्हा तोच सूर, मग बोट क्षणभर उचलून खालच्या सुराला नुसतं शिवायचं आणि परत तोच सूर. हे सगळं गजाच्या एका ओढीत, ताल न सांडता. टिचकी मारताना तार दाबायची नाही. दाबली की तिथे वेगळाच सूर उमटतो आणि चाल अडखळते. माझा उमटायचाच. पेग खुर्चीत बसून दगडी फरशीवर पायाने ताल धरायची आणि दर वेळी त्याच जागी पाय थांबवायची.

"टिचकी मार म्हटलं मी, दार नको ठोठावूस," ती म्हणायची. "घरात माणसं झोपलीत."

गेले दोन महिने टिचकी दूरच, फिडलची मान धरणंसुद्धा अवघड झालं होतं. डाव्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. पाळण्यातून उचलताना, मान सावरताना, दुपट्यात गुंडाळताना, सगळीकडे तोच हात. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि हाताला विश्रांती द्या असं सांगितलं. नर्स म्हणून हेच वाक्य मी किती बायकांना सांगितलं असेल. पट्टा मी पेगच्या दारात गाडीत काढून ठेवायचे. रोलची जागा आली की गजाने तीन बारीक थरथरी देऊन निसटायचे, कारण उजवा हात धड होता. पेग काही बोलायची नाही. उलट मला वाटायचं तिला बरं वाटत असेल, कारण ती थरथर तिचीच होती.

आमच्या भागात ती प्रसिद्ध आहे. तिच्या आईच्या रीलमध्ये, त्याला दुसरं नाव नाही, दुसऱ्या भागात एक लांब सूर येतो. जगातला प्रत्येक फिडलर तिथे रोल घेईल. पेग घेत नाही. ती तो सूर तसाच धरते आणि शेवटी गज शहारतो. डब्लिनहून माणसं जुन्या चाली टेप करायला आली होती, तेव्हा पेग तरुण होती. तेव्हापासून त्याला 'पेगची थरथर' म्हणतात. उन्हाळी वर्गांत ती अजून शिकवतात.

गाडीच्या काचेवर टकटक झाली. पेग अंगावर नवऱ्याचा जुना कोट टाकून उभी होती, वाऱ्याने तिचे पांढरे केस एका बाजूला गेलेले. मी ओठांवर बोट ठेवून मागे दाखवलं. तिने सोरखाकडे पाहिलं, मग गाडीला वळसा घालून आली, दार उघडलं आणि कुरकुर न करता माझ्या शेजारी येऊन बसली. दार ओढून घेतलं तेही कसं, दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता. तिने तीन पोरं वाढवलीत.

"चहा निवतोय," ती कुजबुजली.

मी म्हटलं, उचलली की उठेल.

"मग राहू दे. शिकवणी इथेच." तिचा पाय डब्याला लागला. तिने वाकून तो उचलला, झाकण काढून आत पाहिलं आणि परत लावलं. "रिकामा."

 आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. निदान घरी भाजलेले चार स्कोन तरी घालतात. मला भाजायला वेळ झाला नव्हता हे खरं, आणि पुन्हा यायचं असतं तर काही भाजेपर्यंत डबा घरीच राहिला असता हेही खरं.

पेगने डबा मांडीवर ठेवला. समोरच्या कुंपणापलीकडे समुद्र शिशासारखा पडला होता. जरा वेळाने ती म्हणाली, हात दे. मला वाटलं निरोपाचा. मी डावा हात पुढे केला, कारण तोच तिच्या बाजूला होता. तिने तो डब्यावर आडवा ठेवला, बाही कोपरापर्यंत सारली आणि फिडलची मान असावी तशी आपली बोटं त्यावर मांडली.

"गज नाही, आवाज नाही. नुसतं बघ."

तिने बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागेवर. माझ्या तोंडून आवाज निघू नये म्हणून मी ओठ चावला, पण हात दगा देऊन गेला. आपोआप मागे ओढला गेला. मागे सोरखा हलली, तोंडाने चुकचुक केली आणि पुन्हा शांत झाली. आम्ही दोघी तोवर श्वास धरून बसलो होतो.

"कधीपासून?" पेगने विचारलं.

मी सांगितलं. पट्ट्याचंही सांगितलं. मग सुरुवात झालीच आहे तर म्हणून घोकलेलं वाक्यही बोलून टाकलं, पण ते वेगळंच बाहेर आलं. "पेग, मी दमलेय गं. मला नाही जमत. मी सोडायला आलेय."

रडायला येत होतं पण रडायचासुद्धा कंटाळा आला होता. पेगने समजूत घातली नाही. आपली उजवी तर्जनी डब्याच्या कडेवरून फिरवत राहिली.

"तू माझी थरथर घेतेस हल्ली," ती म्हणाली.

मी म्हटलं, सगळेच घेतात.

"सगळे घेतात ते वेडे आहेत. तू का घेतेस ते मला माहितीये. आमचा मार्टिन झाला तेव्हा मीही त्याचसाठी घेत होते."

मला आधी कळलंच नाही. मग तिने आपला डावा हात वर धरला, अंगठा मुठीत घेतला आणि मनगट खाली वळवून दाखवलं. अगदी डॉक्टरांनी माझं वळवलं होतं तसं. मार्टिन अंगाने जड, दिवसभर कडेवर. त्याच्यामागे लगेच जुळ्या. डाव्या हाताने पोर उचलायचं आणि त्याच हाताने संध्याकाळी फिडल. रोल येईना म्हणून ती उजव्या हाताने वेळ मारून न्यायची. तेवढ्यात ती टेपवाली माणसं आली.

"त्यांनी मला विचारलं, ही ढब कुठली. मी काय सांगणार? सूप उतू जात होतं. म्हटलं, आमच्याकडे असंच. त्यांनी लिहून घेतलं."

मला हसू आलं. तोंडावर हात दाबून हसले, तर डोळ्यांतून पाणीच आलं. पेगही हसत होती, खांदे हलवत, आवाज न करता. मग ती थांबली.

"हसण्यावारी नको नेऊस. पुढे हात बरा झाला की. पोरं शाळेत गेली, आणि बरा झाला. पण मी रोलकडे परत गेलेच नाही. लोकांनी नावं ठेवली असती ना, तर बरं झालं असतं. मी हट्टाने बसून रोल बसवला असता. त्यांनी नाव दिलं. नाव दिल्यावर कोण कशाला मेहनत करतं?"

मी म्हटलं, पण किती सुंदर आहे ती.

"आहेच," ती म्हणाली. "पण माझ्या आईचा रील तसा नव्हता. तिथे रोल होता. तो माझ्याकडे राहिला आणि पुढे गेला नाही. तुला तो द्यावा म्हणून मी थांबले होते, आणि तू आपली माझं दुखणंच उचलून नेतेयस."

 गाडीच्या काचा आमच्या श्वासाने धुरकट झाल्या होत्या. मग पेगने माझी बाही आणखी वर सारली आणि या वेळी मनगट सोडून कोपराच्या आतल्या मऊ भागावर बोटं ठेवली.

मधलं बोट टेकवलं. अनामिकेने टिचकी मारली, की मारली नाही, सांगता येणार नाही. मधलं बोट किंचित उचललं आणि परत टेकलं. पुन्हा, पुन्हा, रीलच्या चालीत, तिच्या आईच्या रीलच्या दुसऱ्या भागात. इतकी वर्षं मी टिचकी कानाने शोधत होते. आता ती कातडीवर आली. एखादी माशी बसता बसता उडावी इतकीच. तिला वजन नव्हतं, नुसतं येऊन गेल्याचं कळणं होतं. मी हाताकडे पाहत राहिले. तिची बोटं गाठीगाठींची, नखं जाडजूड, आणि खालून हे येत होतं.

"हे तर येतंय की तुला," मी म्हटलं.

"हातावर येतं. फिडलवर घेतलं तर बोटं ऐकत नाहीत आता, वेळ गेली त्यांची." ती वाजवत राहिली. "पोरं झोपेनात तेव्हा मी त्यांच्या पाठीवर वाजवायची. अंगठा लागत नाही बघ. अंगठा आपला पडून राहतो. तिघांनाही रील पाठ असणार, त्यांना माहीत नाही इतकंच."

मी विचारलं, मग मी काय करू. मला खरंच कळत नव्हतं. सोडायला आले होते आणि सोडलेलं कुठेतरी मध्येच राहून गेलं होतं.

"फिडल घरी ठेव," पेग म्हणाली. "पेटी बंद करू नकोस, झाकण उघडं राहू दे, म्हणजे जाता येता दिसेल. मंगळवारी पोरीला घेऊन ये. मी तिला धरीन, तू अंथरुणावर आडवी हो. हात आडवा राहू दे, मी वाजवीन. थरथर नाही हं. ती माझी आहे आणि ती माझ्याबरोबर जाऊ दे."

मी काही उत्तर देण्याआधी सोरखाने डोळे उघडले. तिने आधी छताकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि आपली फसवणूक झाल्यासारखा ओठ काढला. पेगने माझा हात सोडला, मागे वळून तिच्याशी गप्पा सुरू केल्या. बाईसाहेब उठल्या का, आईला जरा बसू द्यायचं नाही का. मी इंजिन बंद केलं. आत गेलो. चहा थंडगार झाला होता, तो आम्ही तसाच प्यायलो. निघताना पेगने डबा परत माझ्या हातात दिला, तिच्या फ्रूटकेकचा अर्धा तुकडा आत घालून.

फिन्टन घरी आला तेव्हा म्हणाला, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. बरं वाटलं ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मंगळवारी जायचंय. तो माझ्याकडे बघत राहिला, मग बूट काढायला खाली बसला. त्यालाही झोप येत होती. आमच्या घरात सध्या कुठलीच गोष्ट शेवटापर्यंत बोलून होत नाही.

सोरखाचे दात अजून येताहेत. आज दुपारी ती अर्धा तास रडली, मग माझ्या छातीवर पालथी पडून नुसती हुंदके देत राहिली. पट्टा बांधलेला डावा हात मी तिच्या पाठीवर ठेवला, अंगठा बाजूला पडू दिला आणि मधलं बोट टेकवलं. टिचकी जोरात बसली. तिने मान उचलून माझ्याकडे रागाने पाहिलं. मी दुसरी हलकी मारली. तीही जोरातच होती, पण मान उचलण्याइतकी नव्हती. तिसऱ्या वेळी ती गप्प पडून राहिली, आणि मी पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केलं.