सामाईक ब्रँच

"काका, मीच झोपेत काहीतरी भलतं दाबलं असणार," ती म्हणाली. "रात्रभर बाळ झोपू देत नाही. सकाळी सर्व्हरवरून ताजी प्रत घेतली आणि माझं आठवड्याचं काम गायब!"

सगळं ऑफिस ज्यांना काका म्हणायचं, त्या प्रोग्रामरनी आपली खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली. "बघू," ते म्हणाले.

बघायचं काय, त्यांना सगळं ठाऊक होतं. पेमेंटच्या भागासाठी दोघं एकाच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या एकाच सामाईक प्रतीवर, काम करत. काल निघायच्या घाईत काकांनी ती ब्रँच रिबेस केली, म्हणजे तिच्यातले बदल उचलून मुख्य कोडच्या ताज्या टोकावर नव्याने रचले. सहकारिणीचं नवं काम आधी आपल्याकडे घ्यायचं मात्र राहिलं. सर्व्हर बिचारा अडवत होता. काकांनी फोर्स पुश मारून, म्हणजे तिथली प्रत जबरदस्तीने पुसून आपली चढवून, त्याचं तोंड बंद केलं. सामाईक ब्रँच विचारल्याशिवाय रिबेस करू नका, असं नव्या पोरांना उठताबसता बजावणारे हेच गृहस्थ!

सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "तुझ्या मशीनवर जुन्या नोंदी असतील. त्यांची यादी, रिफ्लॉग, बघ."

काम सापडलं, जसंच्या तसं.

"काका, देवासारखे धावून आलात!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आणलेला चहा त्यांनी टेबलावर तसाच ठेवला.

दुपारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "पण गेलं कसं?"

"माझी चूक, सर," ती म्हणाली. "काकांनी वाचवलं."

मॅनेजर मनाने वाईट नव्हता, हीच पंचाईत. "तू आत्ता कुठे रजेवरून आलीस. काही दिवस हलकं काम घे. पेमेंटचं काका एकटे बघतील."

तिचा चेहरा उतरला. तो भाग तिनेच उभा केला होता. बाळंतपणाच्या रजेत तिला एकच धास्ती होती, तो दुसऱ्या कुणाकडे जाईल.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "रिबेस मी केला. फोर्स पुशही मीच मारला."

मॅनेजर हसला. "काका, तुम्ही म्हणजे ना! सगळ्यांच्या चुकांचं खापर आपल्याच डोक्यावर फोडून घ्यायचं."

"अहो, खरंच..."

"राहू द्या हो काका." तिचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी खोटं नका बोलू."

लॅपटॉप समोर उघडाच होता. पुरावा काढून दाखवणं काकांना सहज जमलं असतं. पण खोली त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, की त्यांचा हात हललाच नाही. आपण असे निघू, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ती त्यांच्या शेजारी बसून एकेक फाइल समजावून देत होती.

"आणि हे बघा काका, ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून इथे मी हे घातलंय. फार डोकं चालवलं होतं मी यावर. तेवढं सांभाळा हं."

"हो," काका म्हणाले.

मग तिने पुढची फाइल उघडली.