घरी बोलली जाणारी भाषा

"चौथ्यांदा हाच फॉर्म! आता काय पत्रिका जोडू पोराची?" शाळेच्या ऑफिसबाहेर शेजारच्या खुर्चीत सरोज पुटपुटली. ती सौदीतल्या या ताइफच्या हॉस्पिटलात सिस्टर, आमचे कुमार लॅबमध्ये.

हॉस्पिटलच्या कॉलनीतली शाळा पूर्वी फक्त गोऱ्या डॉक्टरांच्या मुलांची. चार वर्षांपूर्वी तो नियम उठवला, केक कापला. केक मीही खाल्ला. मग फॉर्म आला. 'घरी बोलली जाणारी भाषा' या रकान्यात मी ऐटीत, ठसठशीत 'मराठी' लिहिलं. घरी इंग्रजी नाही त्यांचा वर्ग वेगळा, मागच्या पत्र्याच्या खोलीत. तात्पुरता, म्हणाले. आमची क्षितिजा चार वर्षं तिथेच तीच पुस्तकं वाचतेय. मी सातवी पास. त्याच पुस्तकांवर माझं इंग्रजी शिकून झालं.

आता आखातात लढाई लागली. बरीचशी गोरी कुटुंबं मायदेशी गेली, मोठ्या इमारतीत बाकं रिकामी पडली. पत्र्याच्या खोलीतून नववीत घेत नाहीत. आज जागा मिळाली तर ठीक, नाहीतर क्षितिजाला चिपळूणला मावशीकडे धाडायचं.

"इकामा त्यांच्या हातात आहे, पद्मिनी. गोड बोल," कुमार सकाळपासून बजावत होते. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना; तो गेला की देश सोडायचा.

आत मुख्याध्यापिका मॅडम गोडच बोलल्या. "बाकं आहेत हो. पण भाषेची अडचण..."

डोक्यावरून विमानं गेली. आवाज विरेपर्यंत सगळे छताकडे बघत बसलो.

"या खेपेला इंग्रजी लिहिते," मी म्हटलं.

"खोटं कशाला लिहायचं, आई?" क्षितिजानं हे इंग्रजीत विचारलं, अगदी सफाईनं. मॅडमना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी फाईल मिटली.

खिडकीतून समोरचा वर्ग दिसत होता. पहिल्या बाकावर जर्मन सर्जनचा मुलगा. उन्हाळ्यात आला तेव्हा सरोजनं त्याला इंग्रजीत नाव विचारलं, तर त्यानं चॉकलेट पुढे केलं होतं. कॉलनीभर हसलो होतो आम्ही. हसण्यापुढे कोणाचा विचार गेला नव्हता.

मी पर्स उचलली. कुमार मात्र उठले नाहीत. कपाळ पुसून त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"मॅडम, त्या मुलाच्या घरी जर्मन बोलतात. तो पहिल्या दिवसापासून तिथे बसतो." मिटलेली फाईल त्यांनी पुन्हा उघडून मॅडमपुढे ठेवली. "तुमची अडचण भाषेची नाही. आमच्या रंगाची आहे."