फेरीबोटीचे चकचकीत बूट

धाकटी जाऊ पडली, मनगट मोडलं, तेही एक वेळ सोसलं असतं. पण साहेबांनी टेबलावरून सरकवलेला कागद वाचून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली,’ असं त्यात छापलं होतं. खाली साक्षीदार म्हणून थोरलीची सही हवी होती. ती झाली की जावेची नोकरी गेलीच म्हणायची.

दोघी एकाच फेरीबोटीवर कामाला. थोरली वीस वर्षं दोर सांभाळत होती. धाकटी फळीवर उभी राहून प्रवाशांना हात द्यायची, आणि एका म्हाताऱ्याला उतरवतानाच पडली होती. जी बाई घरात पाण्याचा तांब्यासुद्धा ओट्याच्या काठापासून चार बोटं आत ठेवते, ती म्हणे निष्काळजी! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला सख्खी जाऊ.

दोष बुटांचा होता. महिन्यापूर्वीपर्यंत सगळे आपापले जुने कापडी बूट घालत. पुढून बंद, टाच घट्ट धरणारे, तळाला बारीक चिरा, भिजले तरी लवकर वाळणारे. दिसायला भिकारडे, पण ओल्या फळीला गुळाला मुंगळा चिकटावा तसे चिकटायचे. मग गणवेश आला आणि त्याच्याबरोबर हे काळे, चकचकीत बूट. तळ पाटीसारखा गुळगुळीत.

थोरलीने जावेचा एक बूट पिशवीतून आणलाच होता. साहेबांच्या पेल्यातलं थोडं पाणी तिने टेबलाच्या काचेवर शिंपडलं, त्यावर बूट ठेवला आणि एका बोटाने ढकलला. तो थेट साहेबांच्या पोटाला जाऊन लागला. बोटीवर पायताण असंच पारखतात, शेंबडं पोरही सांगेल, असं तिने सुनावलं. हे बूट निवडणाऱ्याच्या डोक्यात काय भुसा भरला होता, असंही विचारलं.

साहेबांनी शांतपणे रुमालाने काच पुसली आणि कपाटातून फाइल काढून तिच्यापुढे उघडली. ‘नमुना घालून पाहिला. आरामदायक आहे.’ खाली कर्मचाऱ्यांतर्फे तिची सही, आणि तिच्या शेजारी मंजुरीची साहेबांची.

थोरलीला सगळं आठवलं. वर्षभरापूर्वी, गणवेश ठरायच्या वेळी, याच खोलीत तिच्यासमोर दोन जोड ठेवले होते. एक जाड तळाचा, मळकट रंगाचा, दुसरा हा. गालिच्यावर ती चार पावलं चालली होती. आतलं अस्तर मऊ लागलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपले पाय कचेरीतल्या बायकांसारखे दिसतात म्हणून ती हरखली होती. थेंबभर पाणी टाकून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

“आता कोणाच्या डोक्यातला भुसा काढायचा?” साहेब म्हणाले. “मुकाट्यानं सही करा. तुमचं नाव कुठं येणार नाही, एवढं मी बघतो.”

एवढा वेळ ती चिडली होती, आता पेटली. जावेचं हाड मोडून वर आपल्यालाच उपकाराचं गाजर दाखवतात! तिने पेन उचललं. छापलेल्या ओळीतलं ‘स्वतःच्या’ खोडून त्यावर ‘बूट निवडणाऱ्यांच्या’ असं ठसठशीत लिहिलं, खाली सही केली आणि कागद साहेबांकडे फिरवला.

“निवडताना दोघांच्या सह्या होत्या, साहेब. माझी केली. आता तुमची करा.”