घोट्याचं हाड

बीव्हर, म्हणजे तळ्यात काटक्यांचं घर बांधून राहणारा प्राणी, खाल्ला की त्याची हाडं तळ्याला परत करायची, कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायची नाहीत, हे शिकारीच्या मुक्कामावर कुणाला शिकवावं लागत नाही. त्या हिवाळ्यात एक हाड कमी भरलं. जुमशुमनी, म्हणजे क्लॅराच्या आजोबांनी, थेट सार्जंट नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्यावर संशय घेऊन त्याला बांधून घातलं. हाड होतं क्लॅराच्या हातमोज्यात. बोराएवढं, गुळगुळीत, खेळायला घेतलेलं. ती गप्प बसली, आणि हे तिनं फार वाईट केलं.

बर्फ वितळायला लागला तेव्हा तिचा मित्र, फाटक्या कानाचा अमिस्क बीव्हर, काठाशी वर आला.

"तुम्ही खाल्लेली माझी आई परत आली गं. हाडं पाण्यात पडली की आम्ही पुन्हा जिवंत होऊन येतोच. पण तिचा एक पाय नुसता लोंबतोय. पोहता येत नाही. आता पाणी चढेल, घर बुडेल. मग?"

क्लॅरा सार्जंटकडे धावली.

"हाड म्हटलं की सगळ्यांना मीच दिसतो," सार्जंट म्हणाला. "तुझ्या मोज्याचा वास मला रोज यायचा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

क्लॅरानं जुमशुमना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्यांनी सार्जंटची दोरी सोडली आणि तिच्या कमरेला बांधली.

"ज्यानं घेतलं त्यानंच द्यायचं. माझं वजन बर्फाला झेपणार नाही. जा, मी टोक धरतो."

सार्जंट पुढे वास घेत निघाला. "इथे नको. इथे पोकळ आहे. माझ्या पावलात पाऊल टाक." बर्फ कुरकुरत होता. बीव्हरच्या घराजवळच्या भोकात तिनं हाड सोडलं आणि वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं दोन डोकी वर आली, अमिस्कचं आणि पोहत आलेल्या त्याच्या आईचं.

"पुढच्या हिवाळ्यात कदाचित माझी पाळी," अमिस्क म्हणाला. "हाडं कोण टाकेल?"

"मी."

"सगळी?"

"सगळी," म्हणताना तिला रडू फुटलं.

"आणि खा मात्र. मला वाया घालवू नकोस."

पुढच्या हिवाळ्यात जुमशुमनी आणलेल्या बीव्हरचा कान फाटका होता. क्लॅरा रडत रडत जेवली. मग तिनं हाडं वेचली, तीनदा मोजली आणि सार्जंटला घेऊन तळ्यावर गेली.