बुडाशी तडकलेली पत्ती

मित्रांनो, मी एक जुनी पत्ती आहे. चहाची नव्हे, झाडाचीही नव्हे. टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या पोटात, कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधोमध, एक लहानशी पेटी असते. तिला रीड व्हॉल्व्ह म्हणतात. त्या पेटीच्या दारावर मी राहायची. कागदासारखी पातळ, पण पोलादाची.

कुठल्याशा कारखान्यात लखलखीत पत्र्यातून मला कापलं, तेव्हा पाहिला तेवढाच उजेड. मग स्क्रूंनी माझं बूड आवळलं आणि पेटीसकट मला अंधारात बसवलं. इंजिनानं श्वास ओढला की मी वाकायचं आणि पेट्रोल मिसळलेली हवा आत सोडायची. दाब उलटला की झटकन मिटायचं, आत गेलेलं परत फिरू द्यायचं नाही. मिनिटाला हजारो वेळा. उघडायचं दुसऱ्याच्या ओढीनं, मिटायचंही दुसऱ्याच्याच दाबानं. माझ्या मर्जीनं मी एकदाही हलले नाही. त्यात माझ्या पाठीशी एक वाकडी लोखंडी पट्टी होती, स्टॉपर. ती मला करंगळीच्या नखाएवढंच उघडू द्यायची. मला तिचा फार राग यायचा. एवढ्याशा कोंडवाड्यात वर आणखी पहारा कशाला?

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर चार-पाच वर्षांनी आमची गाडी तिसऱ्या हातानं भूपेशकडे आली. भूपेश मोहाडीकडचा, तलावात मासे धरणारा. मागे ओली क्रेट बांधून तो बाजाराला निघायचा. "एका किकमंदी उठते माही रानी!" असं तो सगळ्यांना सांगायचा. मी अंधारात सुखावायची.

पण वाटेतली तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उभ्या चढणीची. क्रेट भरली की गाडी मधेच दम टाकायची. एके दिवशी भूपेशनं घरीच पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटी उघडली. किती वर्षांनी ऊन लागलं मला! त्यानं मला बोटानं दाबून पाहिलं आणि हसतच सुटला.

"अवं रिंकू, पाय नं! हे तं आपल्या सापळ्याचं तोंड हाय. आत जाते, पन बाहीर येत नाही!"

त्यांच्या घरी बांबूच्या कामट्यांचे सापळे विणतात. तोंडाच्या कामट्या आत वळवलेल्या असतात; मासा शिरतो, परतत नाही. सापळ्याचं तोंड जितकं मोठं तितके मासे जास्त, हे भूपेशला लहानपणापासून ठाऊक. त्यानं पक्कड घेतली आणि स्टॉपर चांगला वर वाकवून टाकला.

गाडी पाळ सपाट्यानं चढली. भूपेशनं शिट्टी मारली. आणि मी? पाठीशी काही उरलंच नव्हतं. मी पार मागे फेकली जायची, पुन्हा आपटायची. महिनाभरात माझ्या बुडाशी बारीक चीर गेली.

मित्रांनो, खरं कोंडणं मला तेव्हा कळलं. मला ठाऊक होतं की मी तुटले तर तुकडा इंजिनात जाईल, पिस्टन अडकेल, धावतं चाक जागीच थांबेल. बाजाराच्या दिवशी भूपेशच्या मागे रिंकू बसायची आणि दोघांच्या मधे त्यांची पाच महिन्यांची लेक. ओरडायला मला तोंड नव्हतं. माझ्या फडफडण्यात एक बारीकशी चरचर मिसळत होती, तेवढीच.

त्या दिवशी पाळीखाली भूपेशनं गाडी सुरू केली. आठव्या किकला ती कशीबशी उठली. रिंकू बसता बसता थांबली.

"अवो, बंद करा. हे चरचर कायची हाय?"

"तुले काय समजते इंजनातलं? बस. बजार उठून जाईल."

"पोरगी बोलते का मले? तरी रडन्यावरून समजते, भूक हाय का पोट दुखते. ह्या गाडीचं पोट दुखून राहिलं."

"वा! डाक्टरीनबाई!"

"हसा. मी नाही बसत. तुमाले बी जाऊ देत नाही." तिनं लेकीला छातीशी धरलं आणि चाकासमोर उभी राहिली.

भूपेश चिडला. इंजिन बंद करून, गाडी ढकलत त्यानं मेकॅनिक प्रफुल्लचं दुकान गाठलं. मागून रिंकू चालत आली. प्रफुल्लनं पेटी उघडली, मला उजेडात धरलं आणि त्याचा चेहराच उतरला. मी केसाएवढ्या धाग्यावर टिकून होते.

"भूपेशभाऊ, स्टॉपर कोनं वाकवला?"

भूपेश खाली पाहत म्हणाला, "सापळ्यावानी तोंड मोठं केलं तं जास्त घेते, असं वाटलं."

"सापळा तुमीच इनता का?"

"मी इनतो," रिंकू म्हणाली. "कामटी बोटभरच वाकवाची, जास्त वाकवली का बुडातून तडकते. सासूबाईनं पयल्याच दिवशी सांगितलं. ह्यायले सापळ्यातले मासेच दिसते, कामटी नाही."

प्रफुल्लनं स्टॉपर मोजून होता तिथं आणला, नव्या पत्त्या बसवल्या. "पाळ चढत नसन तं क्रेट कमी भरा भाऊ," एवढंच तो म्हणाला. भूपेशनं किक मारली आणि रिंकूकडे पाहिलं. ती कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता बसतो."

प्रफुल्ल मला भंगारात टाकत होता. रिंकूनं मला मागून घेतलं. आता मी तिच्या अंगणात असते. माझ्या धारेनं ती कामट्या तासून गुळगुळीत करते, लेक शेजारी झोळीत झोपलेली असते. मला आता स्क्रू नाहीत, अंधारही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी कितीतरी मुकी माणसं-वस्तू दिवसभर राबत असतील. त्यांच्याकडून जास्त ओढून घेण्याआधी एकदा कान देऊन ऐका.

आत्ताच रिंकूनं नवी कामटी वाकवायला घेतली. शेजारी भूपेश बसला आहे. त्यानं आपलं बोट मधे धरलं आणि म्हणाला, "बस, येवढीच."